स्वमग्न बालकाची शाळा : पालकांनी काय मागावे?



गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे दोन-तीन तरुण जोडपी जवळजवळ एकच गाऱ्हाणे घेऊन आली. मूल तीन-चार वर्षांचे. हाक मारली तरी वळून पाहत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, खेळण्यातल्या गाडीचे चाक तासन्तास फिरवत बसते आणि कुकरची शिट्टी झाली की कान झाकून रडते. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "याचा बापही उशिराच बोलला, होईल सगळे ठीक." अशी वाट पाहण्यात एक-दोन वर्षे निघून जातात. ही वर्षे परत मिळत नाहीत, म्हणून हा लेख.

या अवस्थेला मराठीत स्वमग्नता म्हणतात, इंग्रजीत ऑटिझम. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली अकरा मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हापासून ही वेगळी अवस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. शब्द मात्र थोडा फसवा आहे. मूल हट्टाने स्वतःत मग्न होऊन बसले आहे असे त्यातून वाटते. तसे नाही. आवाज, प्रकाश, स्पर्श, माणसांचे चेहरे हे सगळे त्याच्या मेंदूपर्यंत वेगळ्या रीतीने पोहोचते. पूर्वी काही विद्वानांनी आईच्या थंड वागण्यावर याचे खापर फोडले होते. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, ते मत पुस्तक लिहून खोडून काढले. तरीही आमच्याकडे येणारी प्रत्येक आई पहिला प्रश्न हाच विचारते : "फादर, माझे काही चुकले का?" नाही बाई, तुमचे काही चुकले नाही. सासूबाईंनीही हे वाचावे.

आता करायचे काय? शंका आली की आधी बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व सरकारी शाळेतील मुलांची तपासणी होते आणि गरज असल्यास त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे २०२१ पासून सहा वर्षांखालील मुलांसाठी असे केंद्र आहे. वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी निदानाचा कागद हाती येईपर्यंत थांबवण्याचे कारण नाही.

मग येतो प्रमाणपत्राचा प्रश्न, आणि इथेच घरोघरी अडते. "अपंगाचा शिक्का बसेल", "उद्या बहिणीच्या लग्नाला अडचण येईल". ही भीती आम्ही समजू शकतो. पण प्रमाणपत्र काही नोटीस बोर्डावर लावायचे नसते, ते कपाटात राहते. आणि ते नसले म्हणून मुलाची अडचण नाहीशी होत नाही, फक्त मदतीचा हक्क सांगता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात स्वमग्नतेचा समावेश आहे. तपासणीत चाळीस प्रश्नांची भारतीय मापनपट्टी वापरतात. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले, तर ६ ते १८ वर्षांच्या बालकाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देते. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, हे कलम १६ चे म्हणणे. यात कॉन्व्हेंट शाळाही आल्या, हे आम्ही मुद्दाम लिहितो.

प्रवेश मिळाला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. एका शाळेने एका पालकांना सांगितले, "आम्ही सगळ्यांना सारखेच वागवतो, तुमच्या मुलासाठी वेगळे काही करता येणार नाही." ऐकायला हे न्यायाचे वाटते. पण ॲरिस्टॉटलने फार पूर्वी दाखवून दिले आहे की, जे समान नाहीत त्यांना समान वाटा देणे हाही अन्यायच. चष्मा लागलेल्या मुलाला "सगळ्यांसारखेच बिनचष्म्याने फळा वाच" असे आपण म्हणत नाही.

म्हणून "आमच्या मुलाकडे जरा लक्ष द्या" अशी मोघम विनंती करू नये. तिला मोघमच उत्तर मिळते. नेमके मागावे. पंख्याच्या आणि दाराच्या गोंगाटापासून दूरची जागा. दिवसभराच्या तासांचे चित्रांतले वेळापत्रक, कारण बोललेले शब्द हवेत विरतात, चित्र समोर राहते. एका वेळी एकच छोटी सूचना. घंटा होण्याआधी कल्पना. गोंधळ असह्य झाला तर दहा मिनिटे शांत बसायला एक कोपरा. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. समग्र शिक्षा योजनेतून तालुक्याला विशेष शिक्षक नेमलेले असतात. त्यांची भेट मुख्याध्यापकांनी मागवावी असेही अर्जात लिहावे. अर्ज लेखीच द्यावा, प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडावी आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का व तारीख घ्यावी. सूर भांडणाचा नसावा. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंनाही मदत हवीच असते.

इथे आपल्या देवळाचाही विषय निघतो. मिस्सेत एखादे मूल मध्येच ओरडले की चार बाकांवरच्या माना वळतात, आणि ती आई पुढच्या रविवारी येत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी स्वमग्न मुले व त्यांची कुटुंबे यांच्या भेटीत हा एकाकीपणा मोडण्याचे आवाहन केले होते. माना न वळवणे एवढे तर आपल्याला जमेल. धर्मशिक्षणाच्या वर्गातही चित्रांचा तक्ता लावायला शिक्षकांची हरकत नसावी.

ज्यांना अर्ज लिहिताना किंवा ऑनलाइन फॉर्म भरताना अडचण येते, त्यांनी मिस्सेनंतर धर्मग्रामाच्या कार्यालयात यावे. मुलाचे आधार कार्ड, फोटो आणि डॉक्टरांचे असतील ते कागद सोबत आणावेत. मुलालाही आणले तरी चालेल, कार्यालयातला पंखा आम्ही बंद ठेवू.