मागेल त्याला काम, की मागेल त्याला पैसे?

प्रश्न : परदेशात काही सेवाभावी संस्था गरीब कुटुंबांना दरमहा ठरावीक रक्कम कोणतीही अट न घालता देतात. गरिबी यानेच हटेल, असे त्या संस्थांचे प्रमुख सांगतात. आपल्या सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात असे कुणी करून पाहिले आहे का?
— एक वाचक, खटाव (जि. सातारा)

उत्तर : बिनशर्त पैशांचा नाही, पण हमीच्या मजुरीचा प्रयोग तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात झाला. तो वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात सुरू केला. पागे कुठल्या संस्थेचे प्रमुख नव्हते. ते 1960 पासून 1978 पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. अंगमेहनतीला तयार असलेल्या माणसाला सरकारने काम दिलेच पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मग 1972 चा दुष्काळ आला. माण, खटाव, जत, आटपाडीच्या जुन्या माणसांना विचारा. खडी फोडणे, पाझर तलाव, मिलो ज्वारी आणि खायला मिळणारी सुकडी हे शब्द त्यांच्या तोंडून आपोआप येतील. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. एवढ्या लोकांना काम देता येते हे एकदा दिसल्यावर 'परवडणार नाही' हे उत्तर टिकेना. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला.

पैसा कुठून आणला, हा भाग मला सर्वांत चतुर वाटतो. कायद्याच्याही आधी, 1975 मध्ये, त्यासाठी व्यवसाय कर बसवला. पगारपत्रकात 'पी. टी.' म्हणून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, तो हाच कर. हे पैसे कशासाठी कापतात, हे बहुतेक नोकरदारांना ठाऊकही नसते. म्हणजे मुंबईच्या पगारातून माणदेशातल्या मजुराचा रोज निघाला. शहरवाल्यांना गावाकडचे लोंढे नको होते आणि बागायतदाराला विहीर-बांध हवे होते, म्हणून दोघांचीही फारशी तक्रार नव्हती. 1990 पासून फळबाग लागवडही याच योजनेला जोडली गेली.

दाखला न मागता गरीब ओळखण्याची सोयही यात आपोआप झाली. ज्याला दुसरीकडे बरी मजुरी मिळते, तो भर उन्हात माती उपसायला येत नाही. शिवाय दाम मोजलेल्या मातीवर असल्यामुळे बाईला आणि पुरुषाला एकच दर मिळे. शेतात तसे नव्हते. म्हणून मस्टरवर बायकांची हजेरी मोठी असे.

पण ज्याला कुदळ उचलता येत नाही, त्याचे काय? म्हातारी, बाळंतीण, आजारी माणूस यांना ही हमी काहीच देत नाही. तिथे रोख पैशांचीच बाजू खरी आहे. 2011-12 मध्ये मध्य प्रदेशात 'सेवा' या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत प्रत्येकाला दरमहा पैसे दिले. सुरुवातीला मोठ्या माणसाला 200 आणि मुलाला 100 रुपये मिळत. लोक आळशी होतील ही भीती खोटी ठरली आणि मुलांचे पोषणही सुधारले. आपल्याकडे 2024 च्या 'लाडकी बहीण'मध्ये 1500 रुपये मिळू लागले ते याच वाटेने. मात्र ती योजना शासन निर्णयावर चालते. रोजगार हमीला कायद्याचा आधार होता, आणि हा फरक लहान नाही. 2005 मध्ये संसदेने हीच कल्पना देशभर नेली, तेव्हा वर्षाला 100 दिवसांची मर्यादा घातली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात अशी मर्यादा नव्हती.

रोजगार हमी कायद्याचा खरा दात पंधरा दिवसांच्या कलमात होता. मागणीपासून तेवढ्या दिवसांत काम मिळाले नाही, तर बेकारी भत्ता देणे बंधनकारक होते. प्रत्यक्षात तो क्वचितच मिळाला. मागणी तोंडी झाली आणि पोच घेतलीच नाही, तर पंधरा दिवस मोजायचे कधीपासून? म्हणून तुमच्या गावात कुणाला काम हवे असेल, तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यायला लावा आणि तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू देऊ नका.