मयूरासन : घाई नको, तयारी हवी

हातांवर तोलायच्या आसनांमध्ये मयूरासनाचं आकर्षण मोठं. दोन तळव्यांवर आडवं, सरळ शरीर तरंगताना पाहिलं की प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाही जमावं. योगप्रसारक जनार्दनस्वामींच्या परंपरेमुळे विदर्भात पहाटेचे निःशुल्क योगवर्ग रुजले. वाशिममध्ये अशाच सकाळच्या वर्गात शिकताना आणि पुढे शिकवताना जे उमगलं, ते सांगतो.

१. आधी नाही म्हणायला शिका.
उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, पोटातला अल्सर, पोटाची नुकती झालेली शस्त्रक्रिया, मनगटाची किंवा कोपराची दुखापत, गरोदरपण किंवा मासिक पाळी असेल, तर हे आसन नको. शंका असली तर डॉक्टरांना विचारा. या नियमाला मी कुणासाठीही अपवाद करत नाही.

२. पोट रिकामं हवं.
हठप्रदीपिका या ग्रंथात या आसनानं जठराग्नी प्रदीप्त होतो असं वर्णन आहे. त्यावरून काही जण जेवण पचवायला मयूरासन करायला निघतात. ते चूक आहे. कोपरं थेट पोटात रुततात, म्हणून जेवणानंतर निदान चार तास जाऊ द्यावेत. पहाटेची वेळ उत्तम.

३. मनगटं रोज तयार करा.
सोयाबीनच्या सोंगणीत दिवसभर विळा चालवून आलेल्या हाताला सकाळी पुन्हा अंगाचा भार पेलायला लावू नये. त्या दिवसांत मनगटं हलकेच फिरवावीत, तळवे टेकून थोडा थोडा भार द्यावा, एवढंच. मयूरासनात बोटं पायांकडे असतात. त्यामुळे पुढे झुकल्यावर मनगटाचा वाक कमी होतो. बकासनात बोटं पुढे असल्यानं तो वाढतो. पण मयूरासनात हात उलटा वळवल्यानं कोपरापासून मनगटापर्यंत ताण येतो. तो सहन होत नसेल तर बोटं बाजूला वळवून सराव करावा.

४. कोपरांची जागा चुकवू नका.
गुडघे फाकवून बसा, तळवे जवळजवळ टेकवा आणि कोपरं नाभीच्या दोन्ही बाजूंना लावा. कोपरं बरगड्यांवर आली तर दुखतं, फाकली तर तोल जातो. याच स्थितीत कपाळ जमिनीला टेकवून थांबायचा सराव करा. पोटाचे स्नायू तो दाब झेलायला शिकले की पुढचं सोपं होतं. शलभासनानं पाठ आणि पाय बळकट करत राहा.

५. पाय उडवू नका.
पाय एकेक करून मागे सरळ करा, बोटं टेकलेलीच ठेवा. मग छाती आणि डोकं पुढे न्या. तराजूचं एक पारडं जड झालं की दुसरं वर येतं, तसे पाय आपोआप हलके होतात. उडी मारून उचललं तर माणूस तोंडावर पडतो. सुरुवातीला डोक्यासमोर घडी घातलेली चादर ठेवा. गादीवर करू नका, मनगट रुततं. उन्हाळ्यात तळवे घामानं निसटतात, ते पुसून घ्या.

६. श्वास कोंडला की उतरा.
लोणावळ्यात 1924 साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगाला प्रयोगशाळेची शिस्त लावली. त्यांच्या कामातून मी घेतलेला धडा असा : शरीरात काय घडतंय ते पाहत आसन करावं. मयूरासनात पोटाच्या आतला दाब चांगलाच वाढतो. चेहरा लाल झाला, कानात ठोके ऐकू आले, की वेळ संपली. सुरुवातीला काही सेकंद पुरेत. आधी पायाची बोटं, मग गुडघे टेकवून सावकाश उतरा आणि मकरासनात विसावा घ्या.

७. प्रदर्शनासाठी करू नका.
21 जूनला योगदिनाच्या सामायिक अभ्यासक्रमात मयूरासन नाही, ते योग्यच आहे. शेकडो जणांनी एकत्र करण्याचं हे आसन नव्हे. शेजारी जाणकार शिक्षक हवा आणि प्रत्येकाकडे स्वतंत्र लक्ष हवं. ज्यांना प्रकृतीमुळे हे वर्ज्य आहे, त्यांचा योग त्यामुळे तसूभरही उणा होत नाही. शलभासन आणि वज्रासन मन लावून करणारा माणूस माझ्या लेखी तितकाच खरा साधक आहे.