टेलच्या रानाला पाणी : बालीतील एका गावाचा धडा



आम्ही गटागटांत फिरतो तेव्हा टेलच्या सभासदांची एकच तक्रार ऐकतो, "साहेब, पाणी पोचतच नाही." म्हणून आज एका परक्या गावाची माहिती देत आहोत.

इंडोनेशियात बाली बेटावर, बातुकारू डोंगराच्या उतारावर जातिलुविह हे खेडे आहे. पीक भाताचे. पायऱ्यापायऱ्यांची खाचरे, वरचे पाणी खाली उतरते. एका पाटावर भिजणाऱ्या शेतकऱ्यांची 'सुबक' ही संस्था असते. अकराव्या शतकापासून ही पद्धत चालू आहे. पाटात आडव्या ओंडक्याला खाचा पाडतात. जेवढा वाटा तेवढी रुंद खाच. लागणीची वेळ सगळे मिळून ठरवतात.

हेडवाला टेलवाल्याचे का ऐकतो? किडीमुळे. सगळ्यांनी एकदम लागण करून एकदम रान मोकळे ठेवले, की किडीला खायला उरत नाही. खालच्याचे पाणी तोडले तर त्याचे पीक मागे पडते आणि त्यावर पोसलेली कीड वरच्याच्या रानात शिरते.

१९७० नंतर सरकारने लवकर येणाऱ्या जाती देऊन लागोपाठ भात घ्यायला लावले. वेळापत्रक मोडले. तुडतुडे माजले, पाण्याची ओढाताण झाली. शेवटी जुन्याच शिस्तीकडे वळावे लागले. २०१२ साली युनेस्कोने सुबकला जागतिक वारशात घेतले.

आपला ऊस वेगळा, हे खरे. पण पाळी सुटण्याआधी हेड-टेलच्या सभासदांनी चारीवर एकत्र बसायला काय हरकत आहे?