मेडिकलला केटी का नसते?

प्रश्न : माझ्या भाच्याचा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी राहिला. माझा मुलगा इंजिनिअरिंगला. त्याचे दोन विषय राहिले तरी केटी घेऊन तो पुढच्या वर्षात गेला. मग मेडिकलच्याच पोरांना हा जाच का? आणि ‘चार अटेम्प्ट’ म्हणतात ते खरं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, चार अटेम्प्टचं खरं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या नियमांनुसार पहिलं वर्ष चार प्रयत्नांत काढावं लागतं आणि प्रवेशापासून नऊ वर्षांच्या पुढे हा अभ्यासक्रम चालू ठेवता येत नाही. एका पेपरला बसून बाकीचे बुडवले, तरी अटेम्प्ट मोजला जातो.

केटी नाही ती मुख्यतः पहिल्या वर्षाला. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री हे तिन्ही सुटल्याशिवाय दुसऱ्या वर्षात पाऊल नाही. कारण एका उदाहरणावरून कळेल. मूत्रपिंडातल्या नळीला हेन्लेचा वळसा असतो, तिथे मीठ परत शोषलं जातं, हे पोरं पहिल्या वर्षी शिकतात. दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजीत फ्युरोसेमाइड येतं, ते नेमकं त्याच वळशावर काम करतं. पुढे वॉर्डात पाय सुजलेला, धाप लागलेला पेशंट समोर असतो आणि सर विचारतात, ‘हेच औषध का?’ वळसा माहीत नसेल तर उत्तर घोकता येईल, पण कळणार नाही. दुसऱ्या वर्षापासून मात्र नियम थोडे सैल आहेत. विषय राहिला तरी तिसऱ्याच्या तासांना बसता येतं. पण दुसरं सुटेपर्यंत तिसऱ्याची परीक्षा देता येत नाही.

परीक्षेला बसण्याआधीही चाळणी आहे. थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. इंटर्नलचे गुण कमी पडले तर विद्यापीठाच्या परीक्षेचं दारच बंद. शिवाय लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. पेपर कितीही झकास गेला तरी टेबलापुढे बोबडी वळून चालत नाही.

खरी कसोटी तिथेच असते. शेवटच्या वर्षाच्या लाँग केसमध्ये विद्यार्थ्याला एक पेशंट देतात. त्याची हकिगत ऐकायची, तपासायचं, मग परीक्षकांपुढे मांडायचं. पोट तपासताना उजव्या बाजूला उभं राहिलास का, हात थंड तर नव्हते, दाबताना नजर पेशंटच्या चेहऱ्यावर होती की पोटावर, हे सगळं परीक्षक पाहतात. (दुखलं की पेशंटचा चेहरा आधी बोलतो.) दर परीक्षेला येणारे काही पेशंट इतके मुरलेले असतात, की ‘व्हॉल्व्हचा आजार आहे, नीट ऐका’ असं हळूच सांगून टाकतात, असे किस्से प्रत्येक होस्टेलवर ऐकायला मिळतात.

यात नशिबाचा भाग मोठा, हा आक्षेप जुनाच आहे. एकाला सोपी केस, दुसऱ्याला किचकट. म्हणून स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५मध्ये ओस्की नावाची पद्धत मांडली. ओळीने टेबलं लावायची, प्रत्येकावर एक छोटं काम : रक्तदाब मोजा, एक्स-रे वाचा, रुग्णाच्या नातेवाइकाला आजार समजावून सांगा. घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. सगळ्यांना तीच कामं, तीच गुणांची यादी. आपल्याकडेही ती रुजली आहे. न्यायाच्या दृष्टीने ओस्की उजवी, यात वाद नाही. तरी माझं मत विचाराल तर लाँग केस जाऊ नये. खरा पेशंट तुकड्यातुकड्यांनी येत नाही. तो मधुमेह, दमा आणि सुनेशी झालेलं भांडण असं सगळं एकदमच घेऊन येतो.

आता भाच्याचं. मुख्य निकालानंतर तीन ते सहा आठवड्यांत पुरवणी परीक्षा उरकायची, असा नियम आहे. त्यात सुटला तर तो आपल्याच बॅचबरोबर दुसऱ्या वर्षात बसेल. राहिला तर पुढच्या वर्षीच्या पोरांबरोबर. वेगळी ‘सप्लीची बॅच’ आता नसते. तेव्हा पुढचा महिनाभर त्याला लग्ना-मुंजीची आमंत्रणं देऊ नका, आणि पुरवणीचा फॉर्म भरला का, एवढं मात्र आजच विचारा.