‘वॉरियर स्कार्लेट’ : कांस्ययुगातलं एक गाव आणि आमच्या वाचकांची मतं



पहिल्या सत्रात मी माझ्या चौथीच्या वर्गाला शेवटच्या तासाला एक अख्खी कादंबरी तोंडी सांगितली. रोज वीस-पंचवीस मिनिटं, असे बारा दिवस लागले. कादंबरी इंग्रजी आहे, ‘वॉरियर स्कार्लेट’. लेखिका रोझमेरी सटक्लिफ. १९५८ साली ती मुलांसाठी म्हणूनच प्रसिद्ध झाली. आमच्या केंद्रातल्या तीन शिक्षकांनी ती वाचली, एका पालक ताईंनी वाचली आणि वर्गातल्या सव्वीस मुलांनी ऐकली. प्रत्येकाला त्यात वेगळंच दिसलं. आजचा लेख त्या मतांबद्दल आहे. माझी एक चूकही सांगायची आहे, कारण ती तुमच्याही हातून होऊ शकते.

गोष्ट थोडक्यात

इंग्लंडच्या दक्षिणेला साउथ डाउन्स नावाच्या पांढऱ्या, मऊ दगडाच्या टेकड्या आहेत. इंग्रजीत या दगडाला आणि आपल्या हातातल्या खडूला शब्द एकच, ‘चॉक’. (मुलांना हे इतकं आवडलं की दोन दिवस फळ्याजवळ ‘बाई, डोंगराचा तुकडा द्या’ असंच चाललं होतं.) तिथे कांस्ययुगातल्या एका टोळीचं गाव आहे. माणसं सूर्याला मानतात, गुरं-मेंढरं पाळतात, थोडी शेती करतात. नऊ वर्षांचा ड्रेम याच गावातला. त्याच्या उजव्या हातात जोर नाही. टोळीचा नियम असा, की बाराव्या वर्षी मुलाने ‘मुलांच्या घरात’ राहायला जायचं, तीन वर्षं शिकायचं आणि शेवटी एकट्याने भाला घेऊन लांडग्यासमोर उभं राहायचं. लांडगा मारला तर तो योद्धा, आणि लाल कापड अंगावर घेण्याचा त्याला हक्क. हरला आणि तरी जगला, तर टोळीत जागा नाही. डोंगरावर मेंढपाळांत जाऊन राहायचं.

घरातले मोठे बोलत असतात आणि आजोबा सहज म्हणून जातात, की या पोरासाठी लाल कापड विणायची वेळ काही येणार नाही. ड्रेम ते ऐकतो. तोपर्यंत आपल्या हाताचा असा काही अर्थ होतो हे त्याला माहीतच नसतं. तो रानात पळून जातो. तिथे त्याला टॅलोर नावाचा शिकारी भेटतो, त्याचाही एक हात गेलेला. धनुष्य दोन हातांनी ओढावं लागतं, पण फेकायचा भाला एका हाताचा असतो, हे ड्रेमला तिथे उमगतं.

पुढे वोर्ट्रिक्स हा सरदाराचा मुलगा त्याचा जिवलग मित्र होतो. परीक्षेच्या दिवशी ड्रेमचा पाय घसरतो, मित्र मध्ये पडून त्याला वाचवतो आणि ड्रेम हरलेला ठरतो. मग डोली नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाकडे राहणं आणि एका हिवाळ्यात पुन्हा लांडग्याशी गाठ. शेवट इथे सांगत नाही, तुम्ही वाचा.

माझी चूक

ही कादंबरी मी निवडली ती माझ्या वर्गातल्या एका मुलासाठी. त्याच्या उजव्या हातात जन्मापासून ताकद कमी आहे. मला वाटलं, याला बरं वाटेल, धीर येईल. बी.आर.सी.च्या प्रशिक्षणात समावेशक शिक्षणाबद्दल ऐकलेलं डोक्यात होतंच. पण ‘ड्रेमच्या उजव्या हातात जोर नव्हता’ हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि अख्खा वर्ग वळून त्याच्याकडे बघायला लागला. खरं सांगायचं तर मीही त्याच्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी त्याची आई आली. भांडायला नव्हती आली. म्हणाली, “बाई, गोष्ट चांगली आहे म्हणतोय तो. पण काल घरी आल्यापासून शर्टाची बाही ओढून हात झाकून ठेवलाय. जेवतानाही काढला नाही.”

मधल्या सुट्टीत मी त्याला विचारलं, गोष्ट बंद करू का? तो म्हणाला, “बंद नका करू. लांडग्याचं काय झालं ते सांगा. पण माझ्याकडे बघून सांगू नका.”

त्या दिवसापासून मुलांना मी गोलात बसवलं आणि स्वतः खिडकीपाशी बसून सांगायला लागले. हाताचा उल्लेख टाळला नाही, पण थांबून, आवाज बदलून तो सांगणं बंद केलं. चौथ्या-पाचव्या दिवशी मुलांना ड्रेमचा हात आठवेनासा झाला, कुत्र्याचं पिल्लू त्याला मिळणार की नाही याचीच चिंता लागली.

लेखिकेबद्दल इथेच सांगते. सटक्लिफ यांना अगदी लहानपणी संधिवाताचा एक कठीण आजार जडला आणि आयुष्याचा बराच काळ चाकाच्या खुर्चीत गेला. वाचायला त्या नवव्या वर्षाच्या आसपास शिकल्या. तोवर आई त्यांना वाचून दाखवायची. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि त्या चित्रकला शिकल्या. वाचायला उशिरा लागलेल्या मुलाबद्दल आपण शिक्षक फार लवकर मत करून मोकळे होतो, म्हणून हे सांगितलं.

शिक्षकांची मतं

आमच्या केंद्रातले एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, “आपण वर्गात वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवायचा आणि तुम्ही पुजारी, सूर्यपूजा, रात्रीचे विधी सांगताय?” त्यांचा मुद्दा मला हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. पण मुलांनी ते कसं घेतलं ते बघा. गावातले सगळे अग्नी विझवून लाकडावर लाकूड घासून नवा विस्तव करायचा, असा एक सण कादंबरीत आहे. ते ऐकून एक मुलगा म्हणाला, “म्हणजे त्यांची होळीच की!” मी लगेच दुरुस्ती केली की होळी वेगळी, हा वेगळा. पण आगीभोवती जमणारी माणसं त्याला परकी वाटली नाहीत, एवढं मला पुरेसं होतं.

गुरुजींचा दुसरा प्रश्न शब्दाचा होता. इंग्रजीत अशा लोकांना ‘पेगन’ म्हणतात, मराठीत काय म्हणायचं? मूर्तिपूजक म्हणावं तर गोष्टीत मूर्ती नाहीत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता ‘खेड्यात राहणारा’ असा होता; ख्रिस्ती धर्म पसरल्यावर तो ‘आपल्या धर्माचा नसलेला’ अशा अर्थाने वापरात आला. वर्गात मी ‘सूर्याला मानणारे लोक’ एवढंच म्हटलं.

दुसऱ्या एका सरांचं मत जास्त बोचरं होतं आणि मला ते पटलं. कादंबरीत टोळीचे लोक उंच, गोरे, सोनेरी केसांचे. मेंढरं राखणारे ठेंगणे, सावळे, आधीपासून त्या भूमीवर राहणारे, आणि त्यांना अर्धी माणसं समजतात. सर म्हणाले, “मॅडम, हे वाचताना मला तीन हजार वर्षं मागे जावं लागलं नाही. आमच्या आजोबांचं घर गावकुसाबाहेर होतं.” लेखिका डोलीला शहाणा, प्रेमळ दाखवते, हे खरंच. पण ड्रेमला मिळवायचं असतं ते टोळीतलं स्थान, आणि ही उतरंड पुस्तकभर तशीच राहते. हा या कादंबरीचा दोष आहे असं मी आता म्हणते. पहिल्या वाचनात मला तो दिसला नव्हता.

पालक ताईंची तक्रार वेगळी: बायका नुसत्या सूत काततात आणि विणतात. ड्रेमच्या घरात वाढलेली ब्लाय, जिला तिचा बाप सोडून गेला, तिची गोष्ट ड्रेमच्या गोष्टीपेक्षा मोठी होऊ शकली असती, असं त्यांना वाटतं. मलाही वाटतं.

मेंढरांचा प्रश्न

सगळ्यात खरं मत मात्र वर्गातून आलं. ड्रेम हरला, आता त्याला मेंढपाळांकडे जावं लागणार, हे मी फार दुःखी आवाजात सांगत होते. मागून एक मुलगी उठली. तिच्या घरची मेंढरं आहेत. दिवाळीनंतर घरचे सगळे कोकणाकडे उतरतात. तिने विचारलं, “बाई, मेंढरं राखणं म्हणजे शिक्षा असते का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकात ती शिक्षाच आहे, आणि मीही तशीच सांगितली होती. मी म्हटलं, “त्यांना तसं वाटायचं. तुला काय वाटतं?” मग ती जी बोलायला लागली ती तास संपला तरी थांबेना. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी. कोकरू आईला कसं ओळखतं, रात्री शेतात मेंढरं बसवली की शेतकरी धान्य-पैसे काय देतो, लांडगा आला की कुत्री आधी कशी गुरगुरतात. तिचं ठाम म्हणणं होतं, की एकटं माणूस लांडग्यासमोर उभं राहतच नाही. सगळे मिळून ओरडतात, आणि लांडगा पळतो. “त्यांच्याकडची माणसं येडीच,” असा निकाल तिने दिला.

(आपल्याकडे लांडगा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला मारणं गुन्हा आहे. ही गोष्ट सांगितलीत तर हे आवर्जून सांगा. आमच्या दोन मुलांनी काठीचे भाले केलेच होते.)

हे खरं घडलं होतं का?

मुलांचा हा प्रश्न ठरलेला. त्या काळातल्या ब्रिटनमध्ये लिहिलेलं काही नाही, त्यामुळे लांडग्याची परीक्षा ही लेखिकेची कल्पना. पण गाव कसं होतं हे जमिनीतून कळतं. इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळ मस्ट फार्म इथे कांस्ययुगाच्या अखेरची, सुमारे इ.स.पू. ८५० ची वस्ती सापडली. पाण्यावर खांब रोवून बांधलेली गोल घरं आग लागून खाली चिखलात पडली आणि चिखलानेच ती जपली. कापडाचे तुकडे, सुताच्या गुंड्या, एवढंच काय, जेवण असलेलं भांडंही मिळालं.

मग एकाने विचारलं, “तेव्हा आपल्याकडे कोण होतं?” इथे मी तयारीत होते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे अनेक वर्षं उत्खनन केलं. तिथली शेतकरी वस्ती सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. आधी चौकोनी, प्रशस्त घरं होती, इ.स.पू. १००० नंतरच्या शेवटच्या टप्प्यात लहान गोल झोपड्या आल्या. म्हणजे मस्ट फार्मला माणसं गोल घरात राहत होती तेव्हा इनामगावातही गोल घरं होती! घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत ठेवलेली स्त्रीमूर्ती मिळाली, आणि त्या पेटीवर बिनडोक्याची दुसरी मूर्ती आणि बैल. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात घरातच पुरत. हे सांगू की नको असा विचार केला होता, पण सांगितलं. वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी हळूच म्हणाली, “लांब नाही ठेवलं त्याला.”

चित्रकलेच्या तासाला इनामगाव काढायला दिलं. मुलांनी गोल झोपड्या, नदी, बैल काढले. ज्याच्यासाठी गोष्ट निवडली होती, त्याने लांडगा काढला, कागदभर मोठा, डाव्या हाताने. बाही कोपरापर्यंत वर केलेली होती. मेंढरांवरून प्रश्न विचारणारीने नदीकाठी मेंढरांचा वाडा काढला, त्यात छत्तीस मेंढरं. मी विचारलं, छत्तीसच का? म्हणाली, “बाकीची चरायला गेलीत.”