पाऊस किती, यापेक्षा पाऊस कसा

२०२५ साली नैऋत्य मोसमी वारे २४ मे रोजी केरळात पोहोचले आणि अवघ्या दोन दिवसांनी, २६ मे रोजी, मुंबईत दाखल झाले. मुंबईतील त्यांच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. म्हणजे पाऊस सोळा दिवस आधी आला. मृग नक्षत्र लागण्यास अद्याप जवळजवळ दोन आठवड्यांचा अवकाश होता. तरीही शिवारे भिजली, नांगरटीची ढेकळे विरघळली आणि पेरावे की थांबावे हा प्रश्न गावोगावच्या पारांवर चर्चिला जाऊ लागला. पेरणीची घाई करू नये, असा सल्ला कृषी विभागाने त्या वेळी दिला होता. तो किती रास्त होता, हे लवकरच दिसून आले. मेअखेरीस मोसमी वाऱ्यांची चाल थांबली आणि जूनचा पहिला पंधरवडा संपत येईपर्यंत ते पुढे सरकले नाहीत.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने या पंधरवड्याचे मोल फार मोठे असते. पेरलेले बी उगवून करपले तर केवळ बियाण्याचे पैसे जातात असे नव्हे. खत, औताचे भाडे, मजुरी आणि हंगामातील पुन्हा न मिळणारे दिवस हेही त्यासोबत जातात. दुबार पेरणीसाठी लागणारे बियाणे बहुधा उसनवारीने घ्यावे लागते, आणि पीक उशिरा हाती आल्यामुळे रब्बीची पेरणीही लांबते. त्यामुळे पावसाळ्याची पूर्वतयारी म्हणजे कौले शाकारणे आणि गोठा नीट करणे एवढ्यापुरती मर्यादित राहू शकत नाही. येणारा पाऊस कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणे, हा तिचा पहिला भाग होय.

मोसमी वाऱ्यांची वाट

उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते, त्यामुळे समुद्रावरील बाष्पयुक्त वारे जमिनीकडे ओढले जातात, असा खुलासा इंग्रज शास्त्रज्ञ एडमंड हॅले यांनी १६८६ साली केला. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. केवळ तापमानावर पाऊस अवलंबून असता तर ऐन वैशाखातच तो सर्वांत जास्त पडला असता. विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतील वारे जेथे एकत्र येतात तो ढगांचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेकडे सरकतो आणि जून-जुलैत भारतीय भूमीवर येऊन ठेपतो, असे आता मानले जाते. दक्षिण गोलार्धातून येणारे वारे विषुववृत्त ओलांडताच पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात, आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत वेग घेतात आणि अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन नैऋत्येकडून सह्याद्रीवर येऊन आदळतात.

सह्याद्री त्यांना वर चढण्यास भाग पाडतो. वर चढलेली हवा थंड होते आणि आपला बाष्पभार घाटमाथ्यावर रिता करते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस एकोणीस-वीस किलोमीटरवर असलेल्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, तर घाट उतरून वाईला आले की तो सातशे मिलिमीटरच्या घरात येतो. एसटीने तासाभराचा प्रवास, एकच जिल्हा, पण शेती सर्वस्वी निराळी! अशा जिल्ह्यात सरासरीच्या अमुक टक्के पाऊस झाला, या बातमीचा वाईच्या शेतकऱ्याने काय अर्थ लावावा?

विदर्भाची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथील पाऊस मुख्यत्वे बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन वायव्येकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर अवलंबून असतो. मराठवाडा आणि सोलापूर हे दोन्हींच्या मधले. सह्याद्रीने अरबी समुद्राचे बाष्प अडवलेले आणि उपसागराची क्षेत्रे पोहोचेपर्यंत क्षीण झालेली. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोकणात सुमारे २,८०० ते २,९०० मिलिमीटर पाऊस होतो, तर मराठवाड्यात साडेसहाशेच्या आसपास.

हा भेद एका शहराच्या हद्दीतही दिसतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच दिवशी कुलाब्याची नोंद होती अवघी ७३ मिलिमीटर.

वळीव आणि मृगाचा पाऊस

मे महिन्यातील वळवाला मोसमी पाऊस समजणे ही पेरणी फसण्यामागची नेहमीची चूक आहे. वस्तुतः दोहोंची लक्षणे स्पष्टपणे वेगळी आहेत. वळीव दुपारनंतर येतो. दिवसभर काहिली होते, वारा पडतो, मग एका बाजूने, बहुधा पूर्वेकडून, उभे काळे ढग चढतात. धुळीची वावटळ, विजांचा कडकडाट, टपोरे थेंब, कधी गारा, आणि तासा-दीड तासात आभाळ मोकळे होते. एका शिवारात पाणी वाहते आणि शेजारच्या शिवारात धूळ तशीच राहते. मोसमी पावसापूर्वी मात्र पश्चिमेचा वारा दिवस-रात्र एकसारखा वाहू लागतो, ढग थरांचे आणि खालून धावणारे असतात, दुपारचे तापमान उतरते आणि गडगडाट कमी होतो. पाऊस रात्री येतो, पहाटे येतो, थांबून पुन्हा येतो, आणि तो केवळ एका गावापुरता नसतो.

जुन्या पिढीने ही निरीक्षणे नक्षत्रांच्या हिशेबात गुंफून ठेवली आहेत. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. रोहिणीत वळीव, ७ जूनच्या सुमारास मृग, मग आर्द्रा. जुलैच्या पूर्वार्धातील पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा. मघांचा पाऊस सासूचा आणि पूर्वांचा सुनेचा, ही नावे ठेवणाऱ्यांची विनोदबुद्धी तल्लख होती, यात शंका नाही. सप्टेंबरअखेरीस लागणाऱ्या हस्ताच्या पावसावर सोलापूर-मराठवाड्याची रब्बी ज्वारी उभी राहते, हा अनुभव तर वेधशाळांच्या आकड्यांनीही खरा ठरविला आहे, कारण सोलापूरला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरातच पडतो. परंतु नक्षत्रे म्हणजे पंचांगाच्या तारखा होत; पाऊस त्या पाळण्यास बांधलेला नाही. शिवाय पृथ्वीच्या अक्षाच्या मंद डोलण्यामुळे या तारखाच ऋतूंच्या मानाने सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस याप्रमाणे पुढे सरकतात. हजार वर्षांपूर्वीचे मृग आजच्या रोहिणीच्या दिवसांत येत असे. म्हणून मृग लागला हे पेरणीचे कारण होऊ शकत नाही. जमिनीत ओल किती खोल गेली, हेच कारण होऊ शकते.

ओल मोजण्याचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी. उन्हाळ्याने भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पहिल्या सरींचे पाणी भेगांत उतरते किंवा दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उडून जाते. वरचे दोन-तीन बोटे थर तेवढे ओले राहतात. अशा ओलीवर बी फुटते, पण मुळाला खाली जाण्यास वाट मिळत नाही, आणि चार दिवसांच्या उन्हात कोंब मान टाकतो. याकरिता सलग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणी करू नये, अशी शिफारस आहे. पर्जन्यमापक नसेल तेथे कुदळीने खड्डा घेऊन पाहावे. ओल वीतभर खोल गेली असेल आणि खालच्या मातीचा मुठीत गोळा होत असेल, तर पेरणीस हरकत नाही.

मधला खंड

वेळेवर पेरलेल्या पिकासही पुढे एक परीक्षा द्यावी लागते. राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला मोसमी कमी दाबाचा पट्टा अधूनमधून उत्तरेकडे सरकून हिमालयाच्या पायथ्याशी जातो. मग तेथे आणि ईशान्य भारतात धो धो पाऊस पडतो, आणि महाराष्ट्रासह देशाचा मोठा भाग कोरडा राहतो. यालाच पावसाचा खंड म्हणतात. २०२३ सालचे उदाहरण बोलके आहे. त्या वर्षी देशात जुलैमध्ये सरासरीच्या ११३ टक्के पाऊस झाला, ऑगस्टमध्ये अवघा ६४ टक्के, आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा ११३ टक्के. चार महिन्यांची बेरीज आली ९४ टक्के. कागदावर ही तूट किरकोळ दिसते. प्रत्यक्षात तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत असताना न पडलेला पाऊस सप्टेंबरात पडून भरून निघत नाही.

हवामान खात्याचे अंदाज वाचताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याने १८८६ पासून हंगामी अंदाज देण्यास सुरुवात केली. तेव्हा आधार होता हिमालयातील बर्फाचा. आज समुद्राचे तापमान, उपग्रह आणि संगणकीय प्रारूपे दिमतीस आहेत. तरीही एप्रिलमध्ये जाहीर होणारा अंदाज संपूर्ण देशाच्या चार महिन्यांच्या बेरजेचा असतो. १९७१ ते २०२० या काळाची सरासरी ८७ सेंटिमीटर, आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पावसास सर्वसाधारण म्हणावयाचे, इतकाच त्याचा अर्थ. त्यावरून धान्यव्यापाराचे वा धरणांचे नियोजन काही अंशी करता येईल. एखाद्या शिवारातील पेरणीचा दिवस ठरविता येणार नाही. त्यासाठी चार-पाच दिवसांचा जिल्हानिहाय अंदाज आणि मंगळवारी व शुक्रवारी निघणारी कृषी हवामान पत्रिका अधिक उपयोगी. महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली आहेत, त्यामुळे जवळपासची पावसाची नोंदही मिळू शकते.

शिवाराची तयारी

खंड केव्हा पडेल हे आगाऊ सांगता येत नसले, तरी तो पडणार असे धरूनच शेताची आखणी करणे शक्य आहे. उताराला आडवी पेरणी हा त्यातील सर्वांत स्वस्त उपाय. एकही पैसा जादा न लागता प्रत्येक तास एक लहानसा बांध बनतो. रुंद वरंबा व सरी पद्धतीने सोयाबीन पेरल्यास अतिवृष्टीत जादा पाणी सरीवाटे निघून जाते आणि खंडाच्या काळात सरीतील ओल पिकाच्या कामी येते. एकाच उपायाने दोन्ही संकटांवर इलाज व्हावा, असे शेतीत क्वचित घडते. तुरीचे आंतरपीक घेण्यामागेही हाच विचार आहे. तुरीचे मूळ खोल जाते, ती उशिरा फुलते आणि ऑगस्टचा खंड सोसून परतीच्या पावसावर उभी राहते. सोयाबीन हुकले तरी घर अगदीच रिकामे राहत नाही. पावसाला उशीर झालाच, तर जुलैचा पहिला आठवडा उलटल्यावर मूग-उडदाचा आग्रह धरू नये. बाजरी, तूर, सूर्यफूल यांकडे वळावे.

बियाण्याची उगवण मात्र मे महिन्यातच तपासली पाहिजे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवावी व ती ओलसर राखावी. सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब मोजावेत. सोयाबीनचे सत्तर दाणे उगवले तर हेक्टरी ७५ किलो बियाणे पुरते. त्याहून कमी उगवल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे, आणि फारच कमी उगवल्यास ते बियाणे पेरणीसाठी वापरू नये. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, पोते आदळले तरी उगवण घटते. पेरताना बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये.

डोंगर आणि वीज

घाटमाथ्याच्या व कोकणच्या गावांना खंडापेक्षा सलग पावसाचे भय अधिक. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही दुर्घटना जुलैच्या उत्तरार्धातील आहेत. महिनाभराच्या पावसाने डोंगराची माती तोवर जड झालेली असते, आणि मग दोन दिवसांची अतिवृष्टी निमित्तास पुरते. उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे वा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, ही चिन्हे दिसताच त्याच दिवशी उजेड असेपर्यंत घर सोडावे. हवामान खाते २०४ मिलिमीटरहून अधिक पावसास अत्यंत मुसळधार म्हणते. त्याचा लाल इशारा असता डोंगराखालच्या वाडीने चिन्हांचीही वाट पाहू नये.

वीज वळवात आणि परतीच्या पावसात अधिक पडते, म्हणजे नेमकी शेतकामाच्या दिवसांत. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यास तीनने भागले की विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. सेकंद तिसांच्या आत आले की औत सोडावे आणि पक्क्या घराचा आसरा घ्यावा. झाडाखाली माणसाने थांबू नये, बैलही बांधू नयेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या ‘दामिनी’ या मोबाइलवरील सेवेतून परिसरातील विजांची सूचना मिळते. शिवारात एकाच्या फोनवर ती असली तरी भोवतालच्या सर्वांस सावध करता येते.

पावसाची नोंद ठेवण्यास महागडे यंत्र लागत नाही. उभ्या सरळ कडांचा, वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा डबा झाडे व भिंतींपासून दूर, उघड्यावर, पडणार नाही असा बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता आतील पाण्याची उंची मोजपट्टीने मोजावी, वहीत लिहावी आणि डबा रिकामा करून पुन्हा ठेवावा. शाळेतील मुले हे काम हौसेने करतात. ज्या दिवशी डबा कोरडा असेल, त्या दिवशीही तारखेपुढे शून्य लिहावे, म्हणजे खंड किती दिवसांचा पडला हे वहीतूनच कळते.