आधी कानस, मग ज्योत

चि. बाळास


तू घरीच सायकलची फ्रेम जोडायची ठरवलीस आणि वेल्डिंग मशीनही पाहून ठेवलंस, असं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. मशीन मात्र एवढ्यात घेऊ नकोस.

आधी तंजावरच्या राजवाड्याकडून कीळवासलच्या बुरुजावर जा. तिथली राजगोपाल तोफ तू लहानपणापासून पाहतोस. आता कारागिराच्या नजरेनं पाहा. सुमारे २६ फूट लांबीची ही तोफ साच्यात ओतलेली नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या गोलाकार मांडल्या, त्यांवर तापवलेली कडी चढवली आणि घणाखाली सगळं एकजीव केलं. व्यंकोजीराजे १६७५च्या सुमारास तंजावरात आले, त्याच्याही आधीचं, नायक राजांच्या काळातलं हे काम. पट्टीला पट्टी नीट भिडली नसती, तर कितीही मोठी भट्टी पेटवून उपयोग नव्हता. तुझं कामही नळीचंच आहे आणि अटही तीच.

दोन नळ्या जिथे भेटतात, तिथे एकीचं तोंड दुसरीच्या गोलाईला सगळीकडून टेकलं पाहिजे. कागदावर आकार काढून तो नळीला गुंडाळ, हॅकसॉनं जरा बाहेरून काप आणि उरलेलं अर्धगोल कानशीनं घास. मग मागे दिवा धरून पाहा. उजेड दिसला तर पुन्हा घास. फट धातूनं भरून निघते खरी, पण त्यासाठी उष्णता जास्त द्यावी लागते. नळी ओढली जाते आणि पातळ भिंत जळते. चांगल्या क्रोमोली पोलादाच्या नळीची भिंत साधारण टोकाशी ०.९ आणि मधे ०.६ मिलिमीटर असते. ग्रिल-खिडक्या जोडायचा अडीच मिलिमीटरचा रॉड तिला नवख्या हातानं टेकवलास, तर थेट भोकच पडेल.

म्हणून सुरुवात लग, म्हणजे नळ्यांची टोकं ज्यात बसतात ते जोडतुकडे, आणि पितळ यांनी कर. आपल्या रस्त्यावरून वर्षानुवर्षं धावलेल्या काळ्या सायकली अशाच जोडलेल्या आहेत. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस लागतात, पितळ ९०० अंशांच्या आसपास वाहू लागतं. म्हणजे नळी शाबूत राहते आणि पितळ लगच्या आतल्या बारीक फटीत स्वतःहून ओढलं जातं. ही फट एक दशांश मिलिमीटरच्या आसपास हवी, आणि ती पुन्हा कानशीच्याच हाती आहे. फ्लक्स लावण्याआधी दोन्ही पृष्ठभाग चकचकीत कर. तेलाचं बोट लागलं तरी पितळ तिथे धरत नाही. टिग वेल्डिंग नंतर शीक. त्यात जोडावरची आर्गॉन वायूची ओढणी वाऱ्यानं उडते, त्यामुळे पंखा बंद ठेवून घामात काम करावं लागतं.

सरावाला नळाचा पाइप घेऊ नकोस. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. त्याचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. चांदीची झाळ घेतलीस तर कॅडमियम नसलेलीच घे. दोन्ही टोकं बंद होणाऱ्या प्रत्येक नळीला आधी बारीक भोक पाड, नाहीतर आत तापलेली हवा जोडातून फुटून बाहेर येते. आणि परसातल्या झावळ्यांच्या मांडवाखाली ज्योत कदापि पेटवू नकोस. आजी पलीकडेच झोपते. उघड्यावर, पाण्याची बादली जवळ ठेवून काम कर.

सरळपणा दोऱ्यानं तपास. मागचं चाक जिथे बसतं, त्या एका ड्रॉपआउटपासून हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताण. सीटट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं भरलं पाहिजे. हे जोडांना तात्पुरते टाके मारल्यावर लगेच कर, सगळं जोडून झाल्यावर नव्हे.

पहिली फ्रेम चालवायची नाही, यावर मी ठाम आहे. वाईट जोड पहिल्या दिवशी तुटत नाही. हेडट्यूबच्या खाली, झाळेच्या कडेला केसाएवढी चीर पडते, प्रत्येक खड्ड्यागणिक वाढत जाते आणि एक दिवस भर वेगात हँडल हातात येतं. पहिल्या फ्रेमचे सगळे जोड उभे कापून पाहा: पितळ लगच्या टोकापर्यंत पोचलं का, मधे पोकळी राहिली का. कापायला जीव धजणार नाही, तरी काप. सगळे जोड आतून भरलेले निघाले, तरच दुसरी फ्रेम रस्त्यावर आण.

तोवर कापलेल्या तोंडांचे फोटो पाठव, मागून दिवा धरून काढलेले. उजेड दिसेनासा झाला की गॅसचा टॉर्च आणि रेग्युलेटर मी घेऊन देईन.

तुझा,
काका